थांबा ताई, बोट फिरू द्या

"थांबा ताई, बोट फिरू द्या."

एवढं म्हणून काका डोळे मिटायचे, मान किंचित डावीकडे कलती करायचे आणि कागदाची पट्टी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सरकवायला लागायचे. पट्टी पिवळसर, जेमतेम दोन बोटं रुंद आणि कधीकधी वीस-वीस हात लांब. तिच्यावर भोकंच भोकं. आपल्यासारख्याला ती उंदराने कुरतडल्यासारखी दिसायची. काका मात्र ती वाचायचे. वाचता वाचता मधेच अंगठा थांबायचा, कपाळावर एक आठी पडायची आणि काका म्हणायचे, "हितं कायतरी टोचतंय."

तिथे हमखास चूक सापडायची.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. राहुरीच्या बाजूला शेतीसंशोधनाचं एक केंद्र होतं, तिथल्या संख्याशास्त्र विभागात मी नोकरीला लागले होते. विभाग म्हणजे दोन खोल्या. एकीत साहेब आणि कपाटं, दुसरीत मी, काका आणि ते यंत्र. यंत्र दिसायला टाइपरायटरचा थोरला भाऊ. कळ दाबली की कागदावर अक्षर उमटायचं आणि त्याच वेळी बाजूच्या पट्टीवर त्या अक्षराची भोकं पडायची. कॉम्प्युटर आमच्याकडे नव्हता. तो पुण्याला, एका मोठ्या संस्थेत. दर गुरुवारी त्याचा एक तास आमच्या वाट्याला यायचा. बुधवारपर्यंत आम्ही मी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या आणि आकड्यांच्या पट्ट्या तयार करायच्या, त्यांच्या गुंडाळ्या करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरायच्या आणि साहेबांनी तो डबा मांडीवर घेऊन सकाळच्या एस.टी.ने पुणं गाठायचं. डबा ते कुणाच्याही हातात देत नसत. एका कंडक्टरची तर खात्रीच होती की हा माणूस दर आठवड्याला लेकीच्या सासरी लाडू घेऊन जातो.

आज तुम्ही-आम्ही मोबाईलवरसुद्धा लिहिलेलं चुटकीसरशी खोडतो. कॉम्प्युटरवर लिहिण्या-खोडण्याचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमला एडिटर म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या काळी एडिटर चहा प्यायचा आणि डब्यात बाजरीची भाकरी न् शेंगदाण्याची चटणी आणायचा. चूक मोठी असेल तर काका ब्लेडने पट्टी कापत, नवा तुकडा डिंकाने जोडत आणि तो वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत बसत. चूक एकाच अक्षराची असेल तर आणखी सोपी रीत होती. एका अक्षराच्या घरात आठ भोकांची जागा असायची. पडलेलं भोक तर परत बुजवता येत नाही. मग उरलेली सगळीही पाडून टाकायची. आठही भोकं दिसली की यंत्र ते घर सोडून पुढे जाई.

"लई भारी कल्पना हाय ही," काका म्हणायचे. "चूक झाली म्हनून लाजायचं न्हाई. पुरती भोकं पाडायची न् फुडं चालायचं. खाली काय हुतं ते मग देवबापालाबी कळायचं न्हाई."

देवबाप म्हणायचे, कारण काका ख्रिस्ती. नगरच्या एका छापखान्यात त्यांची तीसेक वर्षं छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेली होती. छापखाना बंद पडला आणि साहेबांनी त्यांना आमच्याकडे आणलं. काकांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण अक्षरं सगळी ओळखीची. साहेबांना नेमका असाच माणूस हवा होता. इंग्रजी येणारे टायपिस्ट अर्थ लावायला जातात आणि आपल्या मनाचं घालतात, असं त्यांचं मत. नेमणूक तात्पुरती, सहा-सहा महिन्यांची. प्रत्येक वेळी साहेबांनी शिफारस करायची तेव्हा पुढची ऑर्डर निघायची.

सकाळी दारातून आत येताना ते "सलाम, ताई" म्हणत. त्यांच्या समाजात नमस्काराला सलामच म्हणतात. मी तेव्हा तेवीस वर्षांची आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. पहिले काही दिवस मी "नमस्कार, काका" असं ठासून म्हणत असे. महिन्याभरात माझ्याही तोंडी सलाम बसला. काकांना मी तो पगारासारखा रोज मोजून द्यायचे आणि ते मोजून घ्यायचे. एखाद्या दिवशी विसरले तर खाकरून आठवण करून द्यायचे.

दुष्काळाच्या वर्षीचा किस्सा सांगितल्याशिवाय काका तुम्हाला कळायचे नाहीत. पाऊस असा नव्हताच. रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, मिळत होती आणि आमच्या प्रयोगाच्या बाजरीने निम्म्या वाफ्यांत माना टाकल्या होत्या. तरी प्रयोग तो प्रयोग. प्रत्येक वाफ्याचं उत्पन्न वजन करून लिहिलं, काकांनी पहिल्यांदाच आकड्यांची पट्टी केली, साहेब डबा घेऊन पुण्याला गेले आणि संध्याकाळी परत आले ते हातात कागद घेऊन नुसतेच उभे.

कॉम्प्युटरच्या हिशेबाने नगर जिल्ह्यात बाजरीचा महापूर आला होता. बारा किलोच्या वाफ्यात एकशेवीस किलो आणि करपून गेलेल्या, जेमतेम तीन किलो दाणे निघालेल्या वाफ्यात तीनशे. जो वाण सर्वांत आधी मेला होता तो पहिल्या नंबरावर. पुण्याच्या लोकांनी साहेबांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं होतं म्हणे.

दोन दिवस मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होते. ती तिथे नव्हतीच. प्रत्येक आकड्याला आम्ही तीन घरं दिलेली. बारा लिहायचे तर आधी एक घर मोकळं सोडायचं आणि मग एक, दोन. काकांनी प्रत्येक आकड्याच्या पुढची मोकळी घरं उचलून मागे टाकली होती. आणि त्या कॉम्प्युटरच्या लेखी आकड्यातली मोकळी जागा म्हणजे शून्य.

"काका, असं का केलंत?"

"असं का म्हंजी?" काका खरोखरच गोंधळले होते. "ओळ कडंपासून सुरू हुती, ताई. शब्द संपला की मागं उरलेल्या जागंत कोरे खिळे भरायचे. न्हाई भरले तर सगळा मजकूर ढिला पडतो, उचलला की खिळे खाली सांडतात. तुमच्या कागदावर कोरं पुढं हुतं. म्या म्हनलं पोरीची चूक झाली, गपचिप नीट करून द्यावी."

तीस वर्षं बोटांना जे वळण लागलं होतं त्याप्रमाणे त्यांनी माझी इज्जत राखली होती. मी हसत सुटले. काका हसले नाहीत. "आकड्यांची कोष्टकं दुसरा मानूस जुळवायचा. मी पुस्तकाचा मानूस," असं दोन-तीनदा पुटपुटले. साहेबांनाही हसू आलं नाही. त्यांना वरच्यांसमोर मान खाली घालावी लागली होती. "पुन्हा असं झालं तर ऑर्डर वाढवता येणार नाही," असं त्यांनी काकांना सरळ सांगितलं. साहेब वाईट नव्हते, फक्त चूक त्यांच्या जिव्हारी लागायची.

त्यानंतर काका पट्टी दोनदा वाचू लागले. आधी सुलटी, मग शेवटापासून उलटी. छापखान्यातली सवय, उलटं वाचलं की अर्थ मधे येत नाही म्हणायचे.

पुढे काही महिन्यांनी मला एक गोष्ट जाणवू लागली. पूर्वी मी लिहिलेला कागद समोर ठेवून काका टाइप करत. आता ते कागद माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "तुमी वाचा, मी हानतो. तुमचं अक्षर म्हंजी मुंगळे हायेत." माझं अक्षर शाळेत असताना फळ्यावर लिहायला लावत इतकं चांगलं. मला राग आला, पण वाचून दाखवायचे.

एके दिवशी टपालाच्या गडबडीत मी त्यांच्या हातात कागद दिला आणि साहेबांकडे गेले. परत आले तर काका कागद डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून बसलेले.

"कसं आहे, काका? आज तरी मुंगळे नाहीत ना?"

"न्हाई न्हाई," काका म्हणाले. "आज लई झ्याक लिवलंय."

कागद कोरा होता. चुकून मी गठ्ठ्यातला कोरा कागद दिला होता.

आधी मला वाटलं काका थट्टा करताहेत. मी हसलेही. मग माझं हसणं त्यांना कळलं नाही हे मला कळलं. ते अजून कागदाकडेच बघत होते आणि मान डोलवत होते. मी दार लोटून घेतलं, त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि म्हटलं, "काका, कागद कोरा आहे."

 काकांनी कागदाची नीट घडी घातली.

"मोतीबिंदू असता तर काढला असता, ताई. ह्यो काचबिंदू हाय. डाक्टर म्हनले, गेलं ते गेलं. उरलंय तेबी जानार. आता कडंनं जरा दिसतं, धुक्यावानी. दार कुठं, खिडकी कुठं, एवढं."

"घरी माहीत आहे?"

"लेक नर्शिंग शिकती, तिला न्हाई चुकवता येत. ती म्हनती, बाबा घरी बसा." काकांनी कळांवरून हात फिरवला. "हितं माझी बोटं काम करत्यात. दिवसभर इसरून जातो. घरी बसलो की मला दिसंल की मला दिसत न्हाई."

मला रडू आलं आणि ते काकांना दिसणार नव्हतं याचा मी फायदा घेतला. मग नाक पुसून म्हटलं, "मी वाचते. तुम्ही हाणा. पण माझ्या अक्षराला नावं ठेवायची नाहीत."

"आवाजाला ठिवीन," काका म्हणाले.

असा आमचा करार झाला. साहेबांना मी सांगितलं की एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने टाइप करायचं, याने चुका कमी होतात. ते खरंही होतं. छापखान्यात प्रूफ असंच तपासतात. साहेबांना पद्धत पसंत पडली. काका त्यांच्यासमोर फार सावधपणे वावरत. साहेबांच्या बुटांचा आवाज आला की खिडकीकडे तोंड करून बसत, चहाचा कप शिपायाने ठेवला की त्याचा टक् ऐकून बरोबर उचलत. मी एकदा मुद्दाम कप सरकवून ठेवला, तर तोही सापडला. "वास येतो की," म्हणाले.

बदल्यात त्यांनी मला पट्टी वाचायला शिकवलं. "ए ला दोनच भोकं. ती आधी वळखायची. गावात शिरलं की आधी देऊळ बघतो ना आपन, तसं. मग बाकीची घरं सापडत्यात." डोळे उघडे ठेवून वाचलं तर रागवायचे. माझं बोट फार हळू चालायचं. एका ओळीला मला पाच मिनिटं लागत आणि तोवर काका दुसऱ्या टोकाकडून अख्खी पट्टी वाचून मोकळे.

अशी दीडेक वर्षं गेली. मग एका गुरुवारी साहेब पुण्याहून आले ते खुशीत.

"आता ब्लेड नको, डिंक नको. पुण्याच्या कॉम्प्युटरवर एडिटर आला आहे. पट्टी एकदा आत घातली की दुरुस्त्या तिथेच बसून करायच्या. यंत्राला सांगायचं, ते करतं. पुढच्या गुरुवारी तुम्ही दोघंही चला. जमलं तर सगळं काम तिकडेच करू." मग जरा थांबून म्हणाले, "काका, तुमच्या जागेचं काय करायचं ते मग बघू."

मी काकांकडे बघितलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

पुण्याच्या बसमध्ये साहेब पुढे, डबा मांडीवर. आम्ही मागे. सुपं गाव मागे पडलं. काका हळूच म्हणाले, "तितं पाटी असंल का हो, ताई? उजेडात अक्षरं उठत्यात म्हनं. पाटीवर वाचून दाखवा म्हनले तर?"

"मी आहे ना."

"तुमी हाय. पन खुर्ची एकच असंल."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. शिरूरला बस थांबली तेव्हा मला चहा गेला नाही.

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या होत्या. आत थंडी. काकांनी माझ्या कोपराला कुणाला कळणार नाही असं बोट लावलेलं, तेवढ्यावर ते सरळ चालत आले. समोर पाटी, म्हणजे पडदा, नव्हता. आमच्यासारखंच एक टाइप करायचं यंत्र होतं, फक्त त्याची तार भिंतीतून पलीकडे गेलेली. तिथला ऑपरेटर हुशार आणि बोलका मुलगा होता. त्याने आमची पट्टी आत घातली. प्रोग्रॅम एकशेदहा ओळींचा. दुसऱ्याच दिवशी साहेबांना त्याचे निकाल बैठकीत मांडायचे होते आणि त्यात तीन ठिकाणी बदल हवे होते, ते माझ्या वहीत लिहिलेले.

आता एडिटर कसा होता ते सांगते. तो काहीही दाखवत नसे. त्याला ओळीचा नंबर सांगायचा आणि एक अक्षर दाबून काढ, घाल किंवा छाप असं सांगायचं. तो मुकाट्याने करायचा. पटलं नाही तर एक प्रश्नचिन्ह उमटवायचा आणि परत गप्प. आपण कुठे आहोत, कोणती ओळ काय म्हणते, सगळं आपल्या डोक्यात ठेवायचं. ऑपरेटरच्या डोक्यात आमचा प्रोग्रॅम नव्हता. म्हणून तो एक बदल करायचा आणि सगळ्याच्या सगळ्या ओळी छापायला सांगायचा. यंत्र टकटक करत एकेक अक्षर छापायचं. पाच मिनिटं, सहा मिनिटं. एकदा त्याने दोन ओळी घातल्या, त्यामुळे खालच्या सगळ्यांचे नंबर बदलले, आणि मग त्याने भलतीच ओळ काढली. ती परत घालायला आणखी एक छपाई. तासातली चाळीस मिनिटं संपली आणि एकच बदल धड झालेला. साहेबांच्या कपाळावर त्या थंडीत घाम.

"बेरजेची ओळ कुठे गेली?" ऑपरेटर कागदाची भेंडोळी चाळत म्हणाला.

"एकोनपन्नास," मागून काका म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"आधी सत्तेचाळीस हुती. तुमी वर दोन घातल्या न्हवं? मग एकोनपन्नास." काका क्षणभर थांबले. "मी बसू का, पोरा?"

ऑपरेटर उठला. काकांनी खुर्ची चाचपली, बसले, दोन्ही हात कळांवर ठेवले आणि त्या मुलाकडून तीन आज्ञांची तीन अक्षरं विचारून घेतली. "तीनच? आमच्या खिळ्यांच्या पेटीत दोनशेच्या वर घरं हुती," म्हणाले. मग मान डावीकडे कलती झाली आणि डोळे मिटले. ही पट्टी त्यांनी आदल्या दिवशी सुलटी-उलटी दोनदा वाचली होती. कोणती ओळ कशाची हे मी वाचून दाखवताना सांगितलेलं, बाकी सगळी त्यांच्या बोटांत होती.

मी वहीतून बदल वाचू लागले. "बेरजेच्या ओळीत शेवटचं अक्षर."

"एकोनपन्नास. काढली. घातली. फुडं?"

"भागाकाराच्या आधी एक नवी ओळ."

"त्रेसष्टच्या खाली. घातली. आता खालची समदी एकेकानं सरकली."

एकही प्रश्नचिन्ह आलं नाही. चार मिनिटांत बदल संपले. एकदाही छापून बघितलं नाही. साहेब म्हणाले, "अहो, एकदा बघून तर घ्या."

"साहेब, ह्यात बघायला हाय काय?" काका म्हणाले. "त्ये दाखवत न्हाई, मी इचारत न्हाई."

प्रोग्रॅम चालला. निकालाचा कागद बाहेर आला आणि ऑपरेटरने टाळीच वाजवली. साहेब इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी कागद फाडून घेतला, आणि स्वतः न बघता तो काकांच्या हातात दिला.

"पहिला आकडा तुम्ही वाचा. आज मान तुमचा."

मी पुढे झाले. "मी वाचते, साहेब," म्हटलं. काकांनी कागद घेतला. त्यावरून अंगठा फिरवला. छापलेल्या कागदाला भोकं नसतात.

"ताई, राहू द्या," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले. मग उठून उभे राहिले. "साहेब, मला दिसत न्हाई."

 साहेबांना आधी अर्थच लागला नाही. मग त्यांनी काकांच्या तोंडासमोर हात नेला आणि अर्ध्यातून मागे घेतला.

"कधीपासून?"

"पुरतं म्हनाल तर दीड वरीस."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.  आता दोघांच्याही नोकऱ्या गेल्या, असं मी मनात धरून चालले.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग काकांच्या हातातून कागद अलगद घेतला आणि खणखणीत आवाजात पहिला आकडा वाचला. मग दुसरा. ते थांबलेच नाहीत. प्रत्येक वाणाचं नाव, प्रत्येक वाफ्याचा आकडा, खालच्या टिपा, सगळं पान त्यांनी त्या परक्या खोलीत उभं राहून काकांना वाचून दाखवलं. काका मान कलती करून ऐकत होते. सातव्या आकड्याला म्हणाले, "ह्यो वाफा हिरीजवळचा," आणि साहेब म्हणाले, "बरोबर."

येताना शिरूरला साहेब स्वतः चहा घेऊन आले. काकांचा हात धरून ग्लास त्यांच्या बोटांत नीट दिला आणि मग बिस्किटांचा डबाही त्यांच्याच मांडीवर ठेवला. नगर येईपर्यंत तो तिथेच होता.

पुढच्या महिन्यात काकांची नवी ऑर्डर निघाली. डोळ्यांचा उल्लेख त्यात नव्हता. फक्त खाली साहेबांनी हाताने एक ओळ वाढवली होती: काम यांस वाचून दाखवावे. काकांनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या आवाजाला नाव ठेवलं.

त्यानंतर ते आणखी सहा वर्षं आमच्यात होते. दर गुरुवारी पुण्याला जात आणि तिथली मुलं त्यांची वाट बघत. मग पडद्याची यंत्रं आली. सगळं डोळ्यांसमोर दिसू लागलं आणि डोक्यात काही ठेवायची गरज उरली नाही. काकांनी नोकरीचा निरोप घेतला तो हसत. मी लग्न होऊन पुण्याला गेले. ते गेल्याचं मला उशिरा कळलं आणि त्याची चुटपुट अजून आहे.

नगरला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या लेकीने बायबल आणून माझ्यासमोर ठेवलं. ती आता मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर होती. बायबलात खूण म्हणून एक पिवळसर पट्टी होती, वीतभर लांब.

"बाबा रोज ह्याच्यावरून बोट फिरवायचे. काय लिहिलंय ते सांगायचे नाहीत. म्हणायचे, ताई आल्या की दे, त्या वाचतील."

डोळे उघडे ठेवून वाचलं असतं तर काका रागावले असते. मी मिटले. बोट अजून हळूच चालत होतं. आधी दोन भोकांचा ए शोधला, मग त्याच्या आजूबाजूची घरं. इंग्रजी अक्षरांत 'सलाम' होतं. पट्टीच्या शेवटी 'ताई' होतं. मधल्या तीन घरांत आठही भोकं पाडलेली.

काहीतरी तीन अक्षरांचं त्यांनी आधी लिहिलं होतं आणि मग खोडलं होतं. काका तीन अक्षरं चुकणाऱ्यातले नव्हते. म्हणजे लिहायचं होतं तेच लिहिलं आणि राहू दे म्हणून खोडलं. काय होतं ते आता कुणालाच कळायची सोय नाही, आणि भोकं पाडली की पुढे चालायचं हा त्यांचाच नियम. तो मला मान्य आहे.

पट्टी माझ्या पर्समध्ये असते. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, हात तिच्याकडे जातो आणि सलामवरून पुढे सरकत त्या तीन घरांपाशी येऊन थांबतो. हितं कायतरी टोचतंय, काका.